चाकाखालचा इतिहास (भाग १२) : शिवडी ते चाकण

मद्रासच्या फुग्यांपासून एमआरएफ कशी झाली, ते या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते आज होणार नाही. मध्येच कामशेतच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातल्या प्रश्नाने दुसरं काही सुचू दिलं नाही. ते लिहितात, ‘आमच्या वडिलांकडे फियाट होती. तिला फायरस्टोनचे टायर असत, असं ते अजून अभिमानाने सांगतात. हे टायर अमेरिकेहून बोटीने येत का? आणि मग ते नाव आपल्याकडून गेलं कुठे?’

बोटीने येत नसत. ते मुंबईतच, शिवडीला बनत. महाराष्ट्रातल्या टायरधंद्याची सुरुवातच तिथे झाली, आणि तरीही आपल्या मोटारींच्या इतिहासात शिवडीला कुणी धड अर्धं पानसुद्धा देत नाही. वालचंद हिराचंदांची कुर्ल्याची प्रीमियर सगळ्यांना ठाऊक असते. देशातला पहिला टायर कारखाना डनलॉपचा, हुगळीकाठच्या साहागंजचा, १९३६ सालचा, हेही लोक सांगतात. शिवडी मात्र गाळली जाते. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून आजचा सगळा भाग तिच्यासाठी.

शिवडीच का, हे आधी पाहू. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीत गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. परदेशातून सुट्या भागांच्या पेट्या बंदरात उतरायच्या, तिथे त्यांच्या शेव्हर्ले तयार व्हायच्या आणि देशभर जायच्या. बंदर हाताशी, रेल्वे दारात, जमीन मोकळी. टायरवाल्यालाही नेमकं हेच लागतं. रबर त्रावणकोरहून किंवा सिलोनहून येणार, काजळीची भुकटी आणि दोऱ्याचं कापड परदेशातून येणार, आणि तयार मालाचं पहिलं गिऱ्हाईक शेजारीच बसलेलं. फायरस्टोनने १९३९-४० च्या सुमारास तिथे कारखाना उभा केला तो या हिशेबाने.

हार्वे फायरस्टोन हा हिशेबी माणूस. १९०० साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात त्याने कंपनी काढली आणि हेन्री फोर्डशी मैत्री जोडून त्याच्या गाड्यांच्या टायरांची मोठी ऑर्डर मिळवली. रबराचे भाव ब्रिटिश मळेवाल्यांच्या हातात आहेत हे खुपलं, तेव्हा १९२६ मध्ये त्याने थेट लायबेरियात दहा लाख एकर जमीन ९९ वर्षांच्या करारावर घेतली. शिवडीचा कारखाना पाहायला तो राहिला नाही, १९३८ मध्येच वारला. पण त्याच्या कंपनीची जी करामत शिवडीला आली, तिचा संबंध आपल्या बोरघाटाशी आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे, हे आपण तिसऱ्या भागात पाहिलं. आत दोऱ्यांचे थर असतात आणि हवेचा दाब तेच पेलतात. त्या काळी हे दोरे सुती असत, पुढे रेयॉन आलं, मग नायलॉन. चाक फिरतं तेव्हा टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात एकदा दबते आणि सुटते. दबताना दोऱ्यातले तंतू एकमेकांवर घासतात आणि गरम होतात. सपाटीवर ही उष्णता वाऱ्याने निघून जाते. पण खोपोली सोडून लोणावळ्याकडे निघालात की साधारण साडेपाचशे मीटरचा चढ आहे, गाडी भरलेली आहे, वेग कमी, म्हणजे वाराही कमी. परतीच्या उतारावर तर ब्रेकच्या ड्रमची उष्णता चाकाच्या डिस्कमधून रिमला आणि रिममधून ट्यूबला पोचते. तिथे ट्यूबचा जुना पॅच सुटायचा, नाहीतर हवा कमी राहिलेल्या टायरचे थर एकमेकांपासून उकलायचे. फायरस्टोनने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात यावर उपाय काढला : टायर बांधण्याआधी दोरेच पातळ रबराच्या द्रावणात बुडवून काढायचे. तंतू-तंतूमध्ये रबर शिरतं आणि ते एकमेकांवर घासायचे थांबतात. जाहिरातीत ते ‘गम-डिप्ड’ असं मिरवत. जाहिरातबाजी सोडून दिली तरी कल्पना पक्की होती. आजही टायरचा दोरा आधी बुडवल्याशिवाय कुणी वापरत नाही, फक्त द्रावण बदललं आहे.

म्हणून वाचकांच्या वडिलांचा अभिमान मला पूर्ण पटतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली फियाट बोरघाटातून नीट उतरवणं हे निम्मं ड्रायव्हरचं आणि निम्मं त्या दोऱ्यांचं काम होतं. नायलॉनची एक खोड मात्र त्यांना आठवत असेल. लोणावळ्याच्या गारठ्यात गाडी रात्रभर उभी राहिली की टायर जमिनीला टेकलेल्या जागी चपटा होऊन बसायचा आणि सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर गाडी ठक-ठक करत चालायची. टायर तापला की आवाज जायचा. त्यात बिघाड काही नसतो. गरम झालेला नायलॉनचा दोरा वजनाखाली थंड होताना त्याच आकारात आखडतो, एवढंच.

कारखाना उभा राहतो न राहतो तोच युद्ध पेटलं. १९४२ च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलं आणि जगाच्या रबराचा मोठा भाग दोस्तांच्या हातून गेला. उरलं सिलोन आणि आपला त्रावणकोर-कोचीनचा पट्टा. साहागंज आणि शिवडी हे दोन कारखाने एकदम लष्कराच्या लेखी मोलाचे झाले आणि सामान्य माणसाला टायर रेशनिंगवर मिळू लागला. जुन्या टायरवर नवं रबर चढवून घ्यायची सवय आपल्याकडे तेव्हापासून जी अंगवळणी पडली ती पुढे तुटली नाही. एमआरएफचा पाया त्याच सवयीवर उभा आहे, पण ते पुढच्या वेळी.

स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं देशात टायरचे मोठे कारखाने हे दोनच. दुकानात नावं जास्त दिसत, पण माल यांच्याच साच्यांतून निघे. पन्नाशीच्या दशकात सरकारने नव्यांना दार उघडलं आणि त्यातून मुंबईला दुसरा टायर कारखाना मिळाला, भांडुपचा सीएट. याची कहाणी फायरस्टोनच्या बरोबर उलटी आहे, म्हणून शेजारी ठेवून पाहण्यासारखी.

सीएट मूळची इटलीतल्या तुरीनची. व्हर्जिनिओ ब्रुनी तेदेस्की यांनी १९२४ मध्ये काढली तेव्हा ती टायरची नव्हती, तारांची होती : टेलिफोन आणि रेल्वेला लागणाऱ्या केबलची. तारेवर रबर चढवता चढवता टायरकडे वळली. (फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या पत्नी, गायिका कार्ला ब्रुनी, याच घराण्यातल्या.) १९५८ मध्ये टाटा समूहाच्या सहकार्याने मुंबईत ‘सीएट टायर्स ऑफ इंडिया’ची नोंदणी झाली, १९८२ मध्ये ती आर. पी. गोएंकांकडे आली. तिकडे इटलीत मात्र मूळ घर बसत गेलं आणि ऐंशीच्या दशकात टायरचा धंदा आणि नाव पिरेलीच्या हाती पडलं. भांडुप, नाशिकमध्ये टायर बनत होते, पण बाहेरच्या जगात त्या नावावर मालकी पिरेलीची. शेवटी २०१० मध्ये मुंबईच्या कंपनीने जगभरचे हक्क पिरेलीकडून विकत घेतले. आईचं नाव लेकीने पैसे मोजून सोडवून आणलं. ही घटना आपल्याकडे दोन-चार ओळींच्या बातमीत संपली. माझ्या मते मराठी उद्योगजगतात तिच्यावर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं.

आता शिवडीचं काय झालं? दुखणं अमेरिकेत सुरू झालं. रेडियल टायर आले तेव्हा फायरस्टोनने घाईने ‘फायरस्टोन ५००’ बाजारात आणला. रेडियलमध्ये नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. तार रबराला धरत नाही, म्हणून तिला पितळेचा मुलामा देतात आणि पितळ गंधकाच्या साक्षीने रबराला चिकटतं. हे चिकटणं नीट साधलं नाही, आत ओल शिरली की पट्टा सुटायचा, आणि तोही भर वेगात. १९७८ मध्ये कंपनीला सुमारे दीड कोटी टायर परत घ्यावे लागले. त्या तडाख्यानंतर तिने जगभरातले कारखाने विकायला आणि बंद करायला काढले. शिवडीवरून अमेरिकन हात उठला तो याच काळात, आणि पाटी बदलून ‘बॉम्बे टायर इंटरनॅशनल’ झाली.

हे नाव वकील आणि चार्टर्ड अकाउंटंट मंडळींनी वाचलं असेल, टायर कधी पाहिला नसला तरी. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकार विरुद्ध बॉम्बे टायर इंटरनॅशनल असा खटला निकाली निघाला. प्रश्न साधा दिसतो : अबकारी कर टायर बनवायला आलेल्या खर्चावर लावायचा, की जाहिरात आणि विक्रीचा खर्च धरून ज्या किमतीला तो कारखान्याच्या दारातून विकला जातो त्या किमतीवर? न्यायालयाने दुसरी बाजू घेतली. पुढे कितीतरी वर्षं देशातल्या साबणापासून स्कूटरपर्यंत प्रत्येक वस्तूच्या अबकारीच्या वादात शिवडीच्या या कारखान्याचं नाव घेतलं गेलं. त्यानंतर कारखाना मोदी समूहाकडे गेला, ‘मोदीस्टोन’ झाला, आणि नव्वदच्या दशकात कायमचा थंडावला. शिवडीतल्या कामगारांच्या घरांवर याचा काय घाव बसला असेल ते गिरणगावाला सांगायला नको.

म्हणजे ‘ते नाव गेलं कुठे’ याचं अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं मावळच्या वेशीवर सापडतं.

१९८८ मध्ये खुद्द अमेरिकेतली फायरस्टोन विक्रीला आल्यासारखी झाली. पिरेली बोली लावून बसली होती. हो, तीच पिरेली. जपानच्या ब्रिजस्टोनने २६० कोटी डॉलर मोजून तिच्यावर मात केली. ब्रिजस्टोनचे संस्थापक शोजिरो इशिबाशी हे कुरुमे गावात रबरी तळव्यांची पादत्राणं करणारे. १९३१ मध्ये टायरकडे वळलेल्या त्या माणसाच्या कंपनीने हार्वे फायरस्टोनची कंपनी अख्खी घेतली. हीच ब्रिजस्टोन नव्वदच्या दशकात भारतात आली, आधी मध्य प्रदेशात पिथमपूरजवळ खेडा इथे कारखाना काढला, आणि २०१३ मध्ये दुसरा काढला तो चाकणला. पुढे फायरस्टोन हे नावही तिनेच भारतीय बाजारात पुन्हा आणलं.

तळेगाव स्टेशनवरून इंदोरी, सुदुंबरे करत चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकला असाल, तर तुम्ही या इतिहासाच्या अगदी जवळून गेला आहात. कारण त्या रस्त्याच्या अलीकडच्या टोकाला, तळेगावात, २००८ मध्ये जनरल मोटर्सने कारखाना सुरू केला होता. शिवडीचा तिचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला होता, नुसत्या गाड्या जोडणाऱ्यांना सरकारने नको म्हटलं तेव्हा. अर्ध्या शतकानंतर ती महाराष्ट्रात परत आली ती मावळात, आणि पाच वर्षांत फायरस्टोनची नवी मालकीण तिच्या शेजारी चाकणला. शिवडीचे दोन जुने शेजारी घाट चढून वर आले, असं मी नकाशावर बोट ठेवून लोकांना दाखवतो. यामागे कुणाची योजना नव्हती. कारण तेच जुनं : गाड्या जिथे बनतात तिथे टायरवाला जातो. फक्त मुंबई बंदराच्या जागी आता एक्सप्रेसवे आणि न्हावा-शेवा बंदर आलं. जनरल मोटर्स याही वेळी टिकली नाही. २०१७ अखेर तिने भारतातली विक्री थांबवली, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादन बंद केलं, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने ती जागा घ्यायचा करार केला. टायरवाल्याचं मात्र तिच्यावाचून काही अडलं नाही, कारण चाकणच्या पंचक्रोशीत गिऱ्हाइकांना तोटा नाही.

वाचकांना एक काम सुचवतो. वडगाव, कामशेत किंवा वलवणच्या टायरच्या दुकानाबाहेर उतरवलेल्या टायरांची चळत असते. कंपनीचं मोठं नाव सोडा, रिमजवळची बारीक अक्षरं पाहा. आयएसआयच्या चिन्हापाशी सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि हा परवाना त्या-त्या कारखान्याचा असतो. एकाच नावाच्या दोन टायरांवर दोन क्रमांक दिसले तर त्यांची जन्मगावं वेगळी आहेत असं समजा. नाव कुठलंही असो, टायर कुठला हे तिथे कळतं. दुकानदार ओळखीचे असतील तर गोटा झालेला टायरही हातात घेऊन बघू देतात. बाजूला फुगा आलेला असेल तर तो कापल्यावर आतले दोरे कुठे तुटले तेही दाखवायला सांगा. घाटातल्या खड्ड्याचा मार नेमका कुठे बसतो ते त्यातून जितकं समजतं तितकं माझ्या लिहिण्यातून समजणार नाही.

आणि एक विनंती. मावळातून मुंबईला कामाला गेलेल्यांपैकी कुणी शिवडीच्या त्या कारखान्यात होतं का? साच्यावर, मिक्सिंगला, गोदामात, कँटीनमध्ये, कुठेही. फायरस्टोनच्या काळातलं, बॉम्बे टायरच्या किंवा मोदीस्टोनच्या काळातलं ओळखपत्र, पगाराची पावती, कारखान्याचा एखादा फोटो घरात असेल तर कळवा. एमआरएफ पुढच्या आठवड्यात नक्की, पण तुमच्याकडून काही आलं तर तीही एक आठवडा थांबेल.