डबा पंधराचाच, पण किलो की लिटर?

दिवाळीला तेलाचा डबा आणायला घरातून कोणाला पिटाळतात? ज्याच्या कॉलेजला सुट्टी आहे त्याला! गेल्या वर्षी आमच्या कुंडलमध्ये ती पाळी माझ्यावर आली. आई फराळाच्या ऑर्डरी घेते. दुकानात एकाच कंपनीच्या सोयाबीन तेलाचे दोन डबे दिसले. एक 2,400 रुपयांना, दुसरा 2,280 ला. मी दुसरा उचलला आणि 120 रुपये वाचवले म्हणून ऐटीत घरी आले.

आईने डबा फिरवून बघितला. "अगं, हा लिटरचा आहे. मी किलोचा सांगितला होता."

"पंधराच आहे की!"

तुम्हीही हेच म्हणणार असाल तर जरा थांबा. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेपासून डोक्यात बसलंय, पण ते पाण्याचं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते हलकं. 30 अंश सेल्सिअसला एक लिटर सोयाबीन तेल सुमारे 913 ग्रॅम भरतं. म्हणजे माझ्या 15 लिटरच्या डब्यात तेल होतं 13.7 किलो. आता भागाकार करा: तो 'स्वस्त' डबा पडला किलोला 166 रुपये आणि महागवाला 160! आईने ऑर्डरींचे दर 15 किलो धरून आधीच सांगितले होते. शेवटच्या दोन घाण्यांना तेल पुरलं नाही, वरून पाऊच आणावे लागले. दुकानदाराची चूक नव्हती बरं का, डब्यावर ठळक छापलेलं होतं. मीच वाचलं नाही.

यात तापमानाची आणखी एक गंमत आहे. तेल तापलं की फुगतं. तेच लिटरभर सोयाबीन तेल 21 अंशाला 919 ग्रॅम, तर 60 अंशाला जेमतेम 893 ग्रॅम. काही कंपन्या पाकिटावर लिटरसोबत 60 अंशापर्यंतचं तापमान छापायच्या. 60 अंशाचं तेल आपल्याकडे मे महिन्यात तरी कोणाच्या फडताळात असतं? पण तसं छापलं की 30 अंशाच्या हिशेबाने लिटरमागे 20 ग्रॅम तेल कमी भरता येतं. शेवटी ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं, तापमान काढा आणि लिटरसोबत वजनही छापा. त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत होती.

सांगली-पुण्यात रूम करून राहणाऱ्यांनो, तुमचा संबंध पाऊचशी. लिटरचा वाटणारा पाऊच कधीकधी 850 किंवा 800 ग्रॅमचाच असतो. एमआरपी बघून उचलू नका, जवळच छापलेला प्रतिग्रॅम किंवा प्रतिमिली दर बघा. एकावर ग्रॅम, दुसऱ्यावर मिली असेल तर मिलीला 0.91 ने गुणा, ग्रॅम मिळतात. उलट जायचं तर ग्रॅमला 1.1 ने गुणा. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई, कुठलंही तेल घ्या, फरक किरकोळच पडतो. लाकडी घाण्यावर तेल घेताना तर आधी विचाराच, भाव किलोचा की लिटरचा. छापलेल्यापेक्षा माल कमी भरला तर ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915.

रीलवरच्या केकमध्ये 200 ग्रॅम तेल सांगितलंय आणि घरात काटा नाही? मापाने 220 मिली घ्या.

यंदा डबा आणायला आई स्वतः येणार आहे. मी फक्त गाडी चालवायची.