रात्रपाळीचा बातमीदार : रँडी स्टोन

अमेरिकेत ‘एनबीसी’ रेडिओवर फेब्रुवारी 1950 मध्ये ‘नाइट बीट’ ही मालिका सुरू झाली. नायक रँडी स्टोन हा ‘शिकागो स्टार’ या काल्पनिक दैनिकाचा रात्रपाळीचा बातमीदार. अंधार पडला की तो शहरभर हिंडायचा आणि एखाद्या माणसाची गोष्ट उकलायचा. खून, अपहरण, बेपत्ता माणसे हे सारे त्यात होतेच. पण हरलेल्या, एकट्या पडलेल्या माणसांविषयीची त्याची कणव हेच मालिकेचे खरे बळ. त्या काळच्या पिस्तूलधारी खासगी गुप्तहेरांत रँडी म्हणूनच उठून दिसतो.

1949 च्या चाचणी भागात नायकाच्या भूमिकेत अभिनेता एडमंड ओब्रायन होता. मालिकेसाठी निवड झाली ती फ्रँक लव्हजॉयची. त्याचा खर्जातला, थकलेला पण मायाळू आवाज ऐकताना पावसात भिजलेले रस्ते डोळ्यांपुढे उभे राहतात. भागाच्या शेवटी रँडी बातमी टाइप करून संपवी आणि ती न्यायला कार्यालयातल्या पोऱ्याला हाक मारी. लव्हजॉयची पत्नी जोन बँक्स हिनेही काही भागांत भूमिका केल्या.

सप्टेंबर 1952 मध्ये मालिका थांबली. बरेच भाग आजही ध्वनिमुद्रित रूपात ऐकायला मिळतात, रात्रीच ऐका.