पासवर्डची मुदत संपली? संपू दे!

‘तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे.’ सोमवारी सकाळी, चहाचा पहिला घोटही घेतलेला नसताना स्क्रीनवर ही पाटी झळकली की आमच्या अख्ख्या फ्लोअरवर उसासे ऐकू येतात. मग ‘पुणे१२३’चं ‘पुणे१२४’ होतं. आमचा एकजण चालू महिन्याचं नावच टाकतो. कोणीही ओळखेल, राव!

हा फंडा आला कुठून? अमेरिकेत मानकं ठरवणारी निस्ट नावाची सरकारी संस्था आहे. तिथल्या बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डची नियमावली लिहिली. कॅपिटल अक्षर घाला, आकडा घाला, चिन्ह घाला, ठरावीक दिवसांनी बदला. जगभरच्या आयटीवाल्यांनी ती शिरसावंद्य मानली. गंमत पुढे आहे. तोवर निवृत्त झालेल्या बर साहेबांनी २०१७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला सांगून टाकलं, की यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतोय! त्याच वर्षी निस्टनंही नियम फिरवला. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा, उगाच नको. ही बातमी आमच्या आयटीपर्यंत अजून पोचायचीय.

खरी गोम वेगळीच आहे. एकच पासवर्ड दहा ठिकाणी! माझ्या एका मैत्रिणीनं कुठल्याशा शॉपिंग साइटवर ईमेलचाच पासवर्ड दिला होता. साइट फुटली, आणि चोरांनी तीच किल्ली तिच्या मेलला लावून पाहिली. कुलूप उघडलं. रिकव्हरीचा नंबर बदलला, ती बाहेर! मग तिच्या नावानं सगळ्यांना ‘अर्जंट पैसे हवेत’ असे मेल गेले. मामांनी खरंच पाठवले. आठ वर्षांचे फोटो गेले ते गेलेच. तिला सगळ्यात जास्त लागलं ते मामांचं.

हे अपवादात्मक वगैरे अजिबात नाही. लिंक्डइनवर २०१२ मध्ये दरोडा पडला. २०१६ मध्ये त्यातले सुमारे ११ कोटी ७० लाख ईमेल-पासवर्ड विक्रीला आले. म्हणजे चोरीचा माल चार वर्षांनीही खपतो! तुमचा पत्ता अशा यादीत आहे का, हे ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर फुकट बघता येतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञानं ती २०१३ मध्ये सुरू केली. पासवर्ड नाही, फक्त ईमेल टाकायचा.

मग करायचं काय? सगळ्यात आधी मेलचा पासवर्ड वेगळा करा. बँकेपासून सिनेमाच्या तिकिटांपर्यंत सगळ्यांचं ‘पासवर्ड विसरलात?’ शेवटी तिथेच येतं ना! आठ स्मॉल अक्षरांच्या जुळण्या होतात सुमारे २१ हजार कोटी. ऐकायला सॉलिड वाटतं, पण साइटनं पासवर्ड ढिसाळपणे साठवले असतील तर एक चांगलं ग्राफिक्स कार्ड मिनिटभरात सगळ्या तपासून मोकळं होतं. त्यापेक्षा एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. चटणी, घुबड, स्वेटर, पंक्चर. लक्षात राहतं आणि फोडायला महाकठीण. (हेच शब्द वापरू नका म्हणजे झालं!) बाकीचे पन्नास पासवर्ड डोक्यात ठेवायची गरजच नाही. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर फुकटात मिळतो. मेलला टू-स्टेप लॉगिनही लावा. शक्यतो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅपनं, कारण डुप्लिकेट सिम काढून ओटीपी पळवणारे महाभागही आहेत.

आणि पैसे गेलेच, तर ‘बघू उद्या’ नको. १९३० हा नंबर लगेच फिरवा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. मामांनी फोन केला तो तिसऱ्या दिवशी.