मंगल स्वरांची समता

भाद्रपद शुद्ध चतुर्थीचा दिवस उजाडतो आणि महाराष्ट्रातील घराघरांत मंगलमूर्तींचे आगमन होते. दूर्वांच्या जुड्या, जास्वंदीची फुले, केवड्याचा दरवळ, उकडीच्या मोदकांची वाफ, आणि या सर्वांना व्यापून राहिलेला स्वर! पहाटेची भूपाळी, पूजेच्या वेळचे अथर्वशीर्ष, सायंकाळची आरती, रात्रीचे भजन. स्वरावाचून आपला एकही सण पुरा होत नाही. आरती स्वमुखानेच म्हणावी, हे खरे. तथापि देवघरात काय किंवा मंडपात काय, दिवसाचा बराच काळ आता ध्वनिमुद्रित गीतेच वाजत असतात. त्या स्वरांचे पावित्र्य राखण्यासाठी एक लहानशी सेवा आपल्या हातून कशी घडू शकेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पंगत एक, आवाज अनेक

घरातील भक्तिगीतांचा संग्रह एका दिवसात जमत नाही. काही गीते आजोबांच्या काळातील तबकड्यांवरून उतरवलेली, काही कॅसेटींवरची, काही सीडींवरची, तर काही अगदी अलीकडे मिळालेली. आज ती सारी एमपी३ फाइलींच्या रूपाने एका बोटाएवढ्या पेनड्राइव्हमध्ये एकाच पंगतीला बसतात. पण पंगत एक झाली, तरी आवाज एक होत नाही. जुन्या तबकडीवरची भूपाळी इतकी मंद ऐकू येते की कोणीतरी उठून बटण वाढवतो. आणि तिच्या पाठोपाठ ढोल-ताशांची नवी आरती अशी काही कडाडते की जपाला बसलेल्या आजींच्या हातातील माळ थबकते. मग पुन्हा धावपळ, पुन्हा बटण कमी!

याचे कारण गायकाच्या भक्तीत नसून मुद्रणाच्या रीतीत आहे. पूर्वीचे मुद्रक आवाजाच्या शिखरांसाठी वर पुष्कळ मोकळी जागा राखून ठेवीत. १९९० नंतरच्या दशकांत मात्र आपले गीत शेजारच्या गीताहून मोठे वाजावे, अशी शर्यतच व्यवसायात सुरू झाली. गीतातील मंद भाग यंत्राने उचलून उंच भागाच्या पातळीला आणून बसवण्याची प्रथा पडली. समजा, एका मापाने जुन्या भूपाळीचा आवाज ८० आणि नव्या आरतीचा ९८ डेसिबल भरला. हा १८ डेसिबलचा फरक ध्वनीच्या शक्तीत सुमारे ६३ पट होतो. माळ थबकली, यात नवल ते काय?

आवाज मोजावा कसा?

सर्व गीतांची शिखरे सारखी केली की आवाज सारखा होईल, असे प्रथमदर्शनी वाटते. पण ते खरे नव्हे. टाळांचा एक खणखणीत ठोका क्षणमात्र शिखर गाठतो, आणि बाकीचे भजन संथ चाललेले असते. आपला कान त्या एका क्षणावरून गीत मोठे की लहान हे ठरवीत नाही. तो एकंदर भरणा पाहतो. शिवाय अतिखोल व अतिउंच स्वर आपल्या कानाला मधल्या स्वरांपेक्षा कमी जाणवतात.

हे जाणून डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली ‘रीप्लेगेन’ नावाची पद्धत मांडली. गीताचे ५० मिलिसेकंदांचे लहान तुकडे पाडावयाचे, कानाच्या स्वभावाप्रमाणे त्यांना गाळणी लावावयाची, प्रत्येक तुकड्याचा भरणा मोजावयाचा आणि ते चढत्या क्रमाने मांडून ज्याच्या खाली ९५ टक्के तुकडे येतात तो आकडा त्या गीताचा आवाज मानावयाचा, अशी ही रीत. याच पद्धतीवर ‘एमपी३गेन’ हे साधन उभे आहे. त्याला चित्रे नाहीत, बटणे नाहीत; संगणकाच्या काळ्या पडद्यावर अक्षरांत आज्ञा लिहावयाची व उत्तर वाचावयाचे. ते विनामूल्य मिळते आणि शेकडो फाइलींचे काम एका ओळीत करते.

दीड डेसिबलची पायरी

एमपी३ फाइलीत ध्वनी एकसंध नसतो. तो सेकंदाला सुमारे ३८ लहान चौकटींत विभागलेला असतो. चौकटीतील ध्वनी किती मोठा वाजवावा हे सांगणारा एक आकडा तिच्यातच लिहिलेला असतो. तो एकाने वाढवला की आवाज दीड डेसिबलने चढतो, एकाने घटवला की तेवढाच उतरतो. हे साधन फक्त तो आकडा बदलते. मूळ स्वरांना हात लावीत नाही, फाइल उकलून पुन्हा बांधीत नाही. त्यामुळे गीताचा कस जराही उतरत नाही.

आज्ञेत नुसते साधनाचे व फाइलीचे नाव लिहिले, तर ते केवळ मोजून अहवाल देते. प्रथम तेवढेच करून पाहावे. नावापुढे उणे चिन्ह जोडून इंग्रजी लहान ‘आर’ हे अक्षर लिहिले, की प्रत्येक गीत ८९ डेसिबल या ठरलेल्या पातळीला आणले जाते. आपल्या उदाहरणातील भूपाळी सहा पायऱ्या चढेल आणि आरती सहा पायऱ्या उतरेल. केलेला बदल मागे घ्यावयाचा असल्यास ‘यू’ हे अक्षर आहे. तरीही आधी संग्रहाची एक प्रत वेगळी काढून ठेवावी. विशेषतः घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांच्या आवाजातील कीर्तन किंवा हरिपाठ असेल, तर त्याच्या एकुलत्या एका प्रतीवर कोणताही प्रयोग करू नये. ते धन पुन्हा मिळणारे नव्हे.

सबळाने नमते घ्यावे

येथे एक सूक्ष्म अडचण उद्भवते. जुन्या तबकडीचा गाता स्वर मंद असला, तरी सुईच्या खरखरीचे तडाखे मात्र शिखरापर्यंत पोहोचलेले असतात. स्वर वाढवू गेल्यास ते तडाखे मर्यादेबाहेर जाऊन आवाज फाटतो. यासाठी आज्ञेत ‘के’ हे अक्षरही जोडावे. मग साधन आवाज फाटेल इतका कधीच वाढवीत नाही. पण त्यामुळे भूपाळी पुन्हा मागेच राहते.

यावर उपाय एकच. सर्वांचीच पातळी खाली आणावी. ‘डी’ या अक्षरापुढे उणे तीन लिहिले, की ८९ऐवजी ८६ ही पातळी धरली जाते; तेवढ्याने न भागल्यास आणखी खाली यावे. एकंदर आवाज कमी वाटेल, पण तो वाढवण्यासाठी यंत्राचे बटण आहेच. ते एकदा लावले की पुन्हा उठावे लागत नाही. दुर्बळाला ओरडावयास लावण्यापेक्षा सबळाने नमते घ्यावे, हीच आपल्या घरांची रीत नव्हे काय?

समता म्हणजे सपाटपणा नव्हे

मात्र सर्वत्र एकच माप लावणे हेही शहाणपणाचे नाही. ग. दि. माडगूळकरांनी रचलेले आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेले ‘गीतरामायण’ १९५५-५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर प्रसारित झाले. त्यात ५६ गीते आहेत. अशा अखंड कथेत विलापाचा स्वर हळुवार आणि विजयाचा स्वर भारदस्त असणे हा रचनेचाच भाग होय. प्रत्येक गीत वेगळे मोजून सारखे केले, तर हा उतारचढाव नाहीसा होईल. अशा संचासाठी लहान ‘आर’ऐवजी ‘ए’ हे अक्षर लिहावे. मग संपूर्ण संच एक मानून सर्व गीतांत सारखाच बदल केला जातो आणि त्यांचे परस्परांतील नाते अबाधित राहते. एका बैठकीत मुद्रित झालेल्या कीर्तनाचे भाग, काकड्याचा क्रम, सप्ताहातील भजने यांनाही हाच नियम लावावा. सुटी गीते सुटी मोजावी. कुटुंब मात्र कुटुंब म्हणून मोजावे.

मंडपाची मर्यादा

सार्वजनिक मंडपात या कामाचे महत्त्व अधिकच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही ध्वनीची मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, शासनाने सवलत दिलेले दिवस वगळता, ध्वनिवर्धकास बंदी आहे. येथे एक गैरसमज टाळावा. फाइलीचे ८९ डेसिबल हे केवळ आपापसातील माप आहे. मंडपात प्रत्यक्ष किती आवाज होईल, हे ध्वनिवर्धकाच्या बटणावरच ठरते. परंतु गीते समपातळीत असतील, तर ते बटण एकदा मर्यादेत लावून निश्चिंत राहता येते. नसतील, तर मंद गीतासाठी वाढवलेले बटण पुढच्याच गीताला मर्यादा ओलांडते. कार्यकर्त्यांच्या मनात काही नसतानाही शेजारच्या घरातील तान्हे बाळ दचकते, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा डोळा उघडतो. देवाच्या नावाने कोणाला क्लेश व्हावेत, हे कोणत्याही भाविकाला रुचणार नाही.

भाविक वाचकहो, मखर, आरास व रोषणाई यांची तयारी आपण आठ-आठ दिवस आधी करतो. त्यातील एक सायंकाळ या स्वरसेवेला द्यावी. देवापुढे तेवणाऱ्या समईच्या वाती आपण सारख्या करतो. एखादी भडकली तर काजळी धरते, एखादी मंदावली तर विझते. स्वरांचेही तसेच आहे. जुन्या गायकाचा क्षीण झालेला सूर आणि नव्या गायकाचा दमदार सूर एकाच तेजाने तेवोत, आणि त्या समप्रकाशात श्रीगजाननाची कृपा आपणा सर्वांच्या घरी नांदो!