वळिवड्याची छावणी

छत्रपती संभाजीनगरात ‘छावणी’ म्हटलं की लष्कराची वस्ती आठवते. गुरुवार असेल तर तिथला आठवडी बाजारही. पण हा शब्द फौजेपुरता कधी राहिला नाही. दुष्काळात जनावरांसाठी चारा छावणी उघडते. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला छावणी पडली, तिच्यात तर शिपाई नव्हतेच. होत्या मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. सगळी पोलंडची.

१९४०-४१मध्ये सोव्हिएत राजवटीनं या कुटुंबांना घरातून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. उपासमारीनं आणि रोगानं कितीतरी माणसं वाटेतच गेली. उरलेली इराणमार्गे कराचीला आणि १९४३पासून वळिवड्याला पोचली. सुमारे ५,००० जण.

डोक्यावर कौलं आली, पोटाला अन्न मिळालं. एवढ्यावर थांबलं असतं तर तो नुसता आसरा ठरला असता. इथं खर्च लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारनं उचलला आणि वस्तीचा रोजचा कारभार बऱ्याच अंशी पोलिश माणसांच्याच हाती राहिला. शाळेत शिकवायला त्यांच्यातलेच शिक्षक, शिकवण्याची भाषा पोलिश. चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं बसायची, स्काउटची पथकं होती. मुलं पंचगंगेत डुंबायची. काल-परवापर्यंत भाकरीच्या तुकड्यासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या पोराला पुन्हा गृहपाठ मिळाला, न केल्याबद्दल बोलणी खायची सोय झाली! बालपण परत येतं ते असंच. क्षयानं पोखरलेल्यांना पाचगणीच्या हवेत पाठवलं गेलं. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी सांभाळलेली पोलिश मुलंही पुढं इथंच आली.

युद्ध संपलं, पण पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघात गेला होता. ज्या गावांतून ही माणसं उचलली गेली, ती आता त्यांच्या देशातच नव्हती. म्हणून पुष्कळांनी ब्रिटन, ऑस्ट्रेलियाची वाट धरली. १९४८पर्यंत छावणी रिकामी झाली. एका पोलिश मुलीनं मात्र इथल्याच तरुणाशी लग्न करून कोल्हापूर आपलं केलं.

त्याच बराकींत मग फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं आली. वस्तीचं नाव गांधीनगर झालं. त्यांनी कापडाचा धंदा उभारला. आज लग्नाचा बस्ता बांधायला दूरदूरची माणसं तिथं येतात.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. २०१९मध्ये त्या मुलांपैकी काही जण, आता आजी-आजोबा झालेले, पुन्हा वळिवडं बघायला आले होते.