यंत्राचं नाव आणि यंत्राचं काम

पेरणीच्या तोंडावर नांदगाव खंडेश्वरचा शेतकरी पीककर्जासाठी सातबारा काढायला सेतू केंद्रात जातो. तिथला मुलगा महसूल खात्याच्या संकेतस्थळावर जिल्हा निवडतो, मग तालुका, गाव आणि गट क्रमांक. अशा सेवांमागे अनेक सर्व्हर राबतात. एक पानं दाखवतो, दुसरा नोंदी सांभाळतो, तिसरा बॅकअप ठेवतो. कोणी काय करायचं, हे ठरवण्याची रीत गेल्या तीस वर्षांत पार बदलली.

1993 मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिलं. यंत्र कसं असावं ते एकदा लिहून ठेवायचं. ते तसं आहे का, हे प्रोग्रामनेच पाहायचं आणि नसेल तर दुरुस्त करायचं. पुढे 2005 मध्ये पपेट आलं, 2009 मध्ये शेफ, 2012 मध्ये ॲन्सिबल. पण बऱ्याच ठिकाणी काम यंत्राच्या नावालाच चिकटलेलं राहिलं. नाव ‘वेब’ने सुरू झालं की वेब सर्व्हर! यंत्र बदललं, नाव बदललं, की फाइलीत आणखी एक ‘जर-तर’ वाढायचं.

2012 मध्ये क्रेग डन यांनी पपेटसाठी मांडलेली शिस्त मला या सगळ्या प्रवासात सर्वांत मोलाची वाटते. एका यंत्राला एकच भूमिका. भूमिकेत फक्त प्रोफाइल, आणि एनजिनएक्स, फायरवॉल, देखरेख हा तांत्रिक तपशील प्रोफाइलमध्ये. थोडंसं वेगळं यंत्र हवं असेल, तर ती वेगळी भूमिका. तलाठ्याची बदली झाली तरी साझा तिथंच राहतो, तसं यंत्र गेलं तरी भूमिका राहते.

शेफमध्ये भूमिकांना आवृत्ती नव्हती. भूमिकेत केलेला बदल चाचणीच्या आणि चालू यंत्रांवर एकदमच जायचा. म्हणून अनेकांनी भूमिका कुकबुकमध्ये, म्हणजे शेफच्या सूचनांच्या संचात हलवल्या, कारण तिथे आवृत्ती ठरवता येते.

खरा नाजूक प्रश्न मात्र सुरक्षेचा. यंत्राने स्वतःच ‘मी डेटाबेस आहे’ म्हटलं आणि त्यावर विश्वास ठेवला, तर हल्लेखोराच्या ताब्यातलं यंत्रही तेच म्हणून पासवर्ड मिळवेल. पपेटने यावर चांगला उपाय काढला. भूमिका यंत्राच्या प्रमाणपत्रात नोंदवता येते आणि प्रमाणपत्रावर एकदा सही झाली की यंत्राला ती परस्पर बदलता येत नाही. लोकांच्या जमिनीच्या नोंदी सांभाळणाऱ्या कुठल्याही व्यवस्थेत एवढी काळजी हवीच.

2014 मध्ये कामं यंत्रांवर आपोआप वाटणारं कुबरनेटीस आलं आणि वेबची बरीचशी यंत्रं निनावी झाली. काम जिथे जागा असेल तिथे जाऊ लागलं. डेटाबेसच्या यंत्रांना मात्र आजही अनेक ठिकाणी भूमिका नेमून द्यावीच लागते.