आपली गाडी सुटली का?

स्टेशनात तुमची गाडी उभी आहे. खिडकीतून शेजारच्या रुळावरची गाडी दिसते आहे. एवढ्यात ती हलू लागते आणि तुम्हांला वाटते, "सुटली आपली गाडी!" ती निघून गेल्यावर पाहावे, तर फलाट जागच्या जागी! हा भास का होतो?

आपण हलतो आहोत की नाही, हे मेंदूला सांगणारे मुख्य साक्षीदार दोन : अंतर्कर्ण आणि डोळे. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके वळू लागले की त्यांतील द्रव क्षणभर मागे रेंगाळतो आणि केसांसारख्या सूक्ष्म तंतूंना वाकवतो. सरळ रेषेतील हालचालीसाठी शेजारीच दोन पिशव्या असतात. मात्र या योजनेला एक मर्यादा आहे. तिला वेग कळत नाही. वेगातील बदल, म्हणजे त्वरण, तेवढे कळते. न्यूटनचा पहिला नियम आठवा. एकसमान वेगाने सरळ जाणे आणि स्वस्थ उभे राहणे यांत अंतर्कर्णाला फरकच करता येत नाही!

मग भिस्त उरते डोळ्यांवर. घरे, झाडे, डोंगर स्थिर असतात हा रोजचा अनुभव. म्हणून समोरचे बहुतेक सारे दृश्य एकाच दिशेने सरकू लागले, की मेंदू अनुमान काढतो : जग स्थिर आहे, मीच हललो. पुलावरून वाहत्या पाण्याकडे टक लावून पाहिले तर पूलच चालू लागल्यासारखा वाटतो, हे एकोणिसाव्या शतकात अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने नोंदले आहे.

शरीराचा तोलही डोळे सांभाळतात. १९७४ साली ली व अ‍ॅरन्सन यांनी नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या बालकांना सरकत्या भिंतींच्या खोलीत उभे केले. जमीन पक्की होती. समोरची भिंत जवळ येताच, आपणच पुढे झुकलो असे वाटून बालकांनी अंग मागे टाकले. काही डोलली, काही पडलीसुद्धा!

पाण्यावर एका जागी तरंगणाऱ्या हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला हाच भास धोक्याचा ठरतो. लाटा सरकतात आणि आपणच सरकलो असे त्याला वाटते. नसलेली हालचाल तो सावरू गेला, तर हेलिकॉप्टर खरोखरच भरकटते. म्हणून अशा वेळी संवेदनांवर नव्हे, उपकरणांवर विश्वास ठेवायला वैमानिकांना शिकवतात.

आता एक सोपा प्रयोग. स्टेशनात असा भास झाला की लगेच दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून फलाटावरचा खांब पाहा. भास विरतो का? का विरतो, याचे उत्तर वर आलेच आहे; ते शोधून काढा.